बीएस-६ पिकअप: छोट्या खेपा, सारखं लागणारं रिजन आणि वर चढलेलं ऑईल

टोमॅटो_खेप

गाडी बीएस-६ डिझेल पिकअप, दीड टनाची, ८४ हजार किलोमीटर झालेली. सीझनला काम ठरलेलं: शेतावर क्रेट भरायचे, नारायणगाव मार्केटला उतरवायचे. एक खेप सात-आठ किलोमीटरची, त्यातला बराच रस्ता कच्चा, वर मार्केटच्या लायनीत इंजिन चालू ठेवून थांबणं. वाशीची लांब खेप अधूनमधूनच.

पूर्वी साधारण तीनशे किलोमीटरला एकदा रिजन (धुरातली काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरमधली साठलेली काजळी जाळणं) लागायचं. आता शंभराच्या आत लागतं. लागलं की आयडलिंग चढतं, गाडी बंद केली तरी पंखा फिरत राहतो, गरम लोखंडासारखा वास येतो. डीपीएफचा लाइट वाशीला जाऊन आल्यावर विझतो, पण दोन दिवसांत परत हजर. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून दोनदा फोर्स रिजन करून झालं, फरक टिकला नाही. डिपस्टिकवर ऑईल वरच्या खुणेच्याही वर दिसतंय, आणि वरून कुणी टाकलेलं नाही.

एक मिस्त्री म्हणतो फिल्टर पोकळ करून टाका, दुसरा म्हणतो नवीन बसवा. नवीन फिल्टरचा भाव ऐकून आधी इथे विचारतोय. अशा कामाला ही गाडी चालवायची कशी, आणि रिजन इतकं जवळ जवळ का यायला लागलं?

इंजिनखोली

दादा, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि उत्तरंही वेगळी आहेत. छोट्या खेपांमुळे रिजन अर्धवट राहतं, हे एक. पण तीनशेवरचं अंतर शंभरावर आलं, ते खेपांमुळे नाही. खेपा तर पहिल्यापासून त्याच आहेत. म्हणजे इंजिन पूर्वीपेक्षा जास्त काजळी करतंय, किंवा फिल्टरमध्ये न जळणारी राख साठलीय, किंवा सेन्सर चुकीचं सांगतोय. हे शोधल्याशिवाय फोर्स रिजन करत राहणं म्हणजे पैसे आणि ऑईल दोन्ही वाया घालवणं.

आत काय चालतं ते आधी बघा. फिल्टर आतून मधमाशीच्या पोळ्यासारखा असतो, पण प्रत्येक नळी एका टोकाला बंद. एक पुढून बंद, तिच्या शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर राहते. गाडी भरलेली आणि वेगात असेल, एक्झॉस्टचं तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या वर असेल, तर धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या जोरावर काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. तुमच्या लायनीतल्या आयडलिंगला हे तापमान मिळतच नाही.

म्हणून मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतः रिजन सुरू करतो. पॉवर स्ट्रोकच्या शेवटी-शेवटी इंजेक्टर थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते सिलिंडरमध्ये न जळता पुढे जातं आणि फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं. तिथून निघणारा गॅस सहाशे ते साडेसहाशे अंशांवर जातो आणि काजळी पेटते. पूर्ण व्हायला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात.

आता तुमच्या डिपस्टिककडे या. हे जास्तीचं डिझेल सोडलं जातं तेव्हा पिस्टन खाली उतरत असतो आणि सिलिंडरमधला दाब कमी झालेला असतो. थोडं डिझेल भिंतीला लागतं आणि रिंगांमधून खाली ऑईलच्या संपमध्ये (इंजिनखालच्या टाकीत) उतरतं. प्रत्येक रिजनला थोडं. रिजन मधेच तुटलं की हे डिझेल फुकट जातं, काजळी तशीच राहते आणि पुढचं रिजन लवकर येतं. म्हणजे तुटलेलं रिजन ऑईल वाढवतं पण फिल्टर रिकामा करत नाही.

ऑईल वरच्या खुणेच्या वर असताना गाडी लांब आणि जोरात पळवू नका. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला पुरेसा थर देत नाही. पातळी फार वर गेली तर ब्रीदरमधून ऑईल इनटेकला जाऊन इंजिन त्याच्यावरच पळत सुटू शकतं, आणि तेव्हा चावी फिरवूनही ते बंद होत नाही. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, दर वेळी त्याच जागी बघा. डिपस्टिक पुसलेल्या फडक्याला डिझेलचा वास येतोय का तेही बघा.

दोन गोष्टी कळवा: स्कॅनरवर कोड कोणते आले, आणि शेवटचं ऑईल कोणत्या ग्रेडचं टाकलं?

घाटवाट

रिजन पूर्ण कसं करून घ्यायचं तेवढंच सांगतो.

आधी रिजन चालू आहे हे ओळखायला शिका. काही गाड्या डॅशबोर्डवर काहीच दाखवत नाहीत. आयडलिंग नेहमीपेक्षा दीडशे-दोनशे आरपीएमनं वर जातं, आवाज थोडा जाड होतो, चालू ॲव्हरेजचा आकडा एकदम पडतो, रेडिएटरचा पंखा विनाकारण जोरात लागतो. मार्केटच्या गेटवर पोचताना हे दिसलं तर गाडी तिथेच बंद करायची घाई करू नका. माल उतरवायची घाई नसेल तर सरळ हायवेला काढा. नारायणगाव ते आळेफाटा जाऊन-येऊन एवढा पट्टा एका रिजनला पुरतो. पन्नास-साठचा स्थिर वेग ठेवा आणि एक गिअर खाली ठेवून इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास फिरू द्या. टॉप गिअरमध्ये तेराशे-चौदाशेवर गाडी नुसती रेटत नेली तर एक्झॉस्ट तापत नाही. भरलेली गाडी रिकामीपेक्षा बरी, कारण लोड असला की उष्णता लवकर मिळते.

माळशेजनं कल्याणच्या बाजूला उतरणार असाल तर एक ध्यानात ठेवा. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की इंजेक्टर डिझेल बंद करतात, एक्झॉस्टमधून नुसती गार हवा जाते आणि चालू रिजन थंड पडतं. घाटमाथ्यावर रिजन सुरू झालं तर उतारावर ते पूर्ण होईल असं धरू नका. वाशीची खेप चाकण-तळेगाववरून नेली तर चाकणपर्यंतच्या सलग रस्त्यावर ते सहज उरकतं.

आणि रिजन ऐन भरात असताना, म्हणजे हायवेवरून तापलेली गाडी आणून एकदम आयडलिंगला उभी करणं टाळा. फिल्टरमध्ये काजळी पेटलेली असते. आयडलिंगला धुरात ऑक्सिजन भरपूर असतो, पण उष्णता वाहून नेणारा प्रवाह मात्र कमी होतो. काजळी जास्त साठलेली असेल तर आतलं तापमान एका जागी एकदम चढतं आणि फिल्टरच्या भिंतीला तडा जातो. म्हणून लाइट लागल्यावर आठवडाभर दुर्लक्ष करून मग एकदम रिजन करणं जास्त धोक्याचं. वेळच्या वेळी झालेल्या रिजनला हा धोका नसतो.

लायनीत वीस मिनिटं थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. आयडलिंगला काजळी होते आणि जळत काही नाही. फक्त रिजन चालू नाही हे बघून बंद करा, आणि गाडी तापवून आणली असेल तर टर्बोसाठी एक-दोन मिनिटं चालू ठेवून मग.

आगीचं शेवटी सांगतोय, पण हलक्यात घेऊ नका. रिजनमध्ये सायलेन्सरच्या टोकाशी निघणारा गॅस नेहमीपेक्षा कितीतरी गरम असतो. शेतात ती गाडी वाळलेल्या गवतावर, उसाच्या पाचटावर, कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नका. ताडपत्रीची दोरी किंवा टोक मागे सायलेन्सरकडे लोंबत नाही ना, ते निघण्याआधी हातानं बघा. कच्च्या रस्त्यावर गाडीखाली अडकलेलं गवत-पाचटही फिल्टरच्या पत्र्यापासून काढून टाका.

टोमॅटो_खेप

कोड दोन: पी२४६३ आणि पी०२९९. दुसऱ्याबद्दल वर्कशॉपमध्ये कुणी काही बोललं नाही, दोन्ही पुसून फोर्स रिजन केलं. ऑईल गेल्या वेळी सुटं टाकलं होतं, १५डब्ल्यू-४०, ड्रमवर सीएच-४ लिहिलेलं. फडक्याला डिझेलचा वास येतोय. चढाला गाडी थोडी जड वाटते, पण धूर अजिबात नाही, म्हणून इंजिन चांगलंच आहे असं धरलं होतं.

नोजल_आणि_पंप

धूर नाही म्हणून इंजिन चांगलं, हा हिशोब बीएस-४ पर्यंत ठीक होता. त्या गाड्यांत टर्बोची होज फाटली की मागे काळा धूर दिसायचा आणि रस्त्यावरचा माणूसही सांगायचा. आता तोच धूर फिल्टरमध्ये अडकतो. बाहेर काही दिसत नाही, फक्त रिजन जवळ जवळ यायला लागतं. तीनशेचं शंभरावर आलं, तोच तुमचा काळा धूर. (उलट कधी सायलेन्सरच्या टोकात आतून बोट फिरवल्यावर काळं लागलं, तर फिल्टर फुटलेला किंवा काढलेला आहे. गार गाडीवरच बघा.)

पी२४६३ म्हणजे फिल्टरमध्ये काजळी जास्त झाली. तो परिणाम झाला. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा मिळत नाही. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काजळी. चढाला गाडी जड वाटते ती त्यामुळेच. कारणाचा कोड पुसून परिणामावर इलाज केला गेला, म्हणून दोन्ही फोर्स रिजन वाया गेली.

आता ह्या क्रमानं बघा, स्वस्तापासून महागाकडे.

एअर फिल्टर आधी. कच्च्या रस्त्याच्या धुळीत तो पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इनटेकपर्यंतच्या होज. क्लिपच्या अगदी कडेला, खालच्या बाजूला हात फिरवा. वरून होज धडधाकट दिसते आणि चीर खाली असते. जिथे तेलकट ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ सापडेल, तिथून हवा सुटते. आयडलिंगला चीर मिटलेली राहते, लोडवरच उघडते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी सापडली नाही तर इनटेकला टोपण लावून कमी दाबाची हवा भरून साबणाचं पाणी मारायला सांगा. इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीची शिवणही त्याच वेळी बघून घ्या.

होज ठीक निघाली तर टर्बोचा ॲक्च्युएटर आणि त्याची व्हॅक्यूमची बारीक नळी, त्यानंतर ईजीआर (जळका गॅस परत इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह). ईजीआर उघडा अडकला की जळका गॅस नको तेव्हा आत येतो आणि काजळी वाढते. त्यापुढे इंजेक्टरची रिटर्न टेस्ट: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावायच्या, इंजिन चालवायचं, ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त भरेल तो संशयित.

कूलंटचं तापमान स्कॅनरवर जरूर बघा, डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. हायवेला ते साठ-पासष्टच्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गार इंजिनला ईसीयू रिजन सुरूच करत नाही, आणि गार इंजिन काजळीही जास्त करतं.

डिफरन्शियल प्रेशर सेन्सर हा पाच मिनिटांचा तपास, पण बरेच जण करत नाहीत. फिल्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन नळ्या त्या सेन्सरला येतात. चावी ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत स्कॅनरवर दाब शून्य दिसायला हवा. तिथे आकडा दिसला तर सेन्सर गेलाय किंवा त्याचं लर्निंग बिघडलंय. इंजिन चालू करून रेस दिल्यावर आकडा वाढायला हवा. वजा जात असेल तर नळ्या उलट बसवल्यात. हललाच नाही तर नळी फाटलीय किंवा काजळीनं बुजलीय. नळी साफ करायची तर ती सेन्सरवरून काढून फिल्टरच्या दिशेनं हवा मारा. सेन्सरमध्ये हवा मारली की तो गेलाच म्हणून समजा.

ऑईल मात्र बदलावंच लागेल. डिझेल मिसळलेलं ऑईल नुसतं काढून खुणेवर आणून चालत नाही, उरलेलंही पातळच असतं. सीएच-४ आणि सीआय-४ ह्या जातींना राखेची मर्यादाच नाही. त्यातले कॅल्शियम, झिंक वगैरे जळून जी राख होते ती फिल्टरमध्ये कायमची बसते, कितीही रिजन केलं तरी जळत नाही. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं. एसीईए सी३ मध्ये सल्फेटेड ॲश ०.८ टक्क्यांपर्यंत, एपीआय सीके-४ मध्ये १ टक्क्यापर्यंत. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ह्यातली जी जात आणि जी ग्रेड छापलीय तीच, सीलबंद डब्यातली. बदलताना ऑईल फिल्टरही नवीन, आणि ईसीयूमध्ये ऑईल सर्व्हिसची नोंद रीसेट करून घ्या. काही गाड्यांत ऑईल किती पातळ झालं याचा हिशोब ईसीयू ठेवतो. नोंद तशीच राहिली तर तो रिजन अडवतो.

डिझेलही बघा. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंतच असतं, बीएस-४ ला ५० होतं. शेतावर ड्रममधून मिळणारं स्वस्तातलं ‘बायोडिझेल’ किंवा रॉकेलची भेसळ ह्या गाडीत घालू नका. बायोडिझेल ऑईलमध्ये उतरलं की साध्या डिझेलसारखं उडून जात नाही, त्यामुळे पातळी आणखी वेगानं चढते.

हवा_स्वच्छ

फिल्टर पोकळ करण्याबद्दल, कारण ह्या सल्ल्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

करू नका. तांत्रिक बाजू अशी: पोकळ डबा बसवला की दाबाचा आकडा जुळत नाही, मग ईसीयूचा प्रोग्रॅम बदलावा लागतो. तो बदलणारा बऱ्याचदा ईजीआर आणि डिझेलचं प्रमाणही हलवून ठेवतो. पुढे कुठल्याही बिघाडाला स्कॅनरचे आकडे खरे राहत नाहीत, आणि वॉरंटी असेल तर तीही जाते. तुमच्या गाडीत तर हवा सुटतेय. फिल्टर काढला तरी ती सुटतच राहणार, फक्त काळा धूर बाहेर येईल.

कायद्याची बाजू: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. प्रदूषणाच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

आणि मार्केटच्या लायनीत तुमच्या गाडीच्या सायलेन्सरच्या उंचीवर हमाल, क्रेट मोजणाऱ्या बायका आणि चहाची पोरं दिवसभर उभी असतात. डिझेलच्या धुरानं माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच पहिल्या गटात टाकलंय. काजळी फिल्टरमध्ये अडकते म्हणूनच ती त्यांच्या छातीत जात नाही.

टोमॅटो_खेप

इंटरकूलरवरून इनटेककडे जाणाऱ्या होजला क्लिपखाली चीर सापडली, बोटाच्या पेरभर. वरून दिसतच नव्हती, साबणाच्या पाण्यानं कळली. होज आणि क्लिप नवीन टाकतोय. सेन्सर शून्य दाखवतोय, तो ठीक आहे. आता लाइट लागलेलाच आहे, तर पुढे क्रम कसा ठेवू? आधी ऑईल की आधी रिजन? आणि फिल्टर उतरवून धुवायचा का? इथे एक जण वॉशिंग सेंटरच्या पाण्याच्या जेटनं धुऊन देतो.

नोजल_आणि_पंप

आधी होज. मग संपमधून थोडं ऑईल काढून पातळी दोन खुणांच्या मध्ये आणा. जास्त ऑईल असताना फोर्स रिजन करू नका, कारण त्यात इंजिन बराच वेळ चढ्या आरपीएमवर राहतं आणि आणखी डिझेल खाली उतरतं. रिजन झालं की त्याच दिवशी ऑईल पूर्ण आणि ऑईल फिल्टर बदला. नवीन ऑईल आधी घातलं तर त्यातच डिझेल मिसळेल.

फोर्स रिजनसाठी टाकीत निदान पाव भाग डिझेल हवं, कूलंट सत्तर अंशांच्या वर, दुसरा कुठला कोड बाकी नको, न्यूट्रल आणि हँडब्रेक. गाडी उघड्यावर, सिमेंटच्या किंवा मातीच्या साफ जागेवर, शेडमध्ये नाही. वीस ते चाळीस मिनिटं लागू शकतात, तोवर माणूस जवळ हवा आणि मागच्या बाजूला कुणी नको. स्कॅनरवर फिल्टरच्या आधीचं तापमान सहाशेच्या आसपास येतंय का आणि काजळीचा आकडा उतरतोय का ते बघत राहा. तापमान चारशेलाच अडलं तर कॅटॅलिस्ट किंवा इंजेक्टरकडे बघावं लागेल, पुन्हा पुन्हा रिजन दाबून उपयोग नाही. आणि काजळीचा आकडा कंपनीच्या मर्यादेच्या वर असेल तर स्कॅनर नकार देतो. तो नकार बायपास करणारा मिळाला तरी करू नका, त्यात फिल्टर वितळतो.

इंजिनखोली

धुण्याचं: पाण्याच्या जेटला देऊ नका. जोरदार पाण्यानं आतला कॅटॅलिस्टचा थर निघतो, डबा आणि फिल्टर यांच्यामधली चटई फुगून सैल होते, आणि राखेचा चिखल होऊन नळ्यांच्या बंद टोकाशी घट्ट बसतो. कॉस्टिक किंवा ॲसिडमध्ये बुडवणंही तसंच.

उतरवायची वेळ अजून आलेली नसावी. ती कळते अशी: रिजन नीट पूर्ण झालं, काजळीचा आकडा खाली आला, तरी दाबाचा आकडा वरच राहिला. म्हणजे उरलीय ती राख. काही गाड्यांत पी२४२एफ असा राखेचा वेगळा कोडही येतो. तेव्हा फिल्टर भट्टीत तापवून आणि मागच्या टोकाकडून पुढे हवा मारून साफ करणाऱ्याकडे द्या. आधी आणि नंतर वजन आणि फ्लोचा आकडा लिहून मागा. जो आकडा देत नाही त्यानं काय साफ केलं ते कळायला मार्ग नाही. परत बसवताना गॅस्केट आणि क्लॅम्प नवीन, आणि ईसीयूमधली राखेची नोंद रीसेट. काम करणाऱ्यानं मास्क लावायलाच हवा, ती राख फार बारीक असते.

सध्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा आणि रिजन लागल्याचं कळेल तेव्हा किलोमीटर लिहा, पूर्ण झालं की तुटलं तेही. होज बदलल्यावर अंतर परत अडीचशे-तीनशेकडे सरकायला हवं. पहिली एक-दोन लवकर लागतील, साठलेली काजळी निघेपर्यंत. त्यानंतरही शंभरावरच अडलं आणि दाब वरच असेल तर सुट्या ऑईलची राख धरा आणि फिल्टर सफाईला काढा. दाबही खाली आणि अंतरही कमी, असं असेल तर इंजेक्टरच्या बाटल्या लावा.

टोमॅटो_खेप

वही ठेवली. होज उद्या मिळतेय, ऑईल सीके-४ चं सांगितलंय, पुस्तकात तेच छापलंय. आकडे इथेच टाकतो.